नऊ महिन्यांचे बाळ आणि आजीची रात्र

गेल्या हिवाळ्यातील गोष्ट. सकाळी दवाखाना उघडण्याआधीच एक आजी-आजोबा ओट्यावर येऊन बसले होते. आजींच्या खांद्यावर नऊ महिन्यांची नात गाढ झोपलेली होती आणि आजींचे डोळे जागरणाने तारवटलेले होते. मी दार उघडताच त्या म्हणाल्या, "डॉक्टरबाई, दिवसा ही अशी झोपते आणि रात्री चार-चारदा किंचाळत उठते. इतके दिवस कशी शहाण्यासारखी झोपत होती! मीठमोहऱ्या ओवाळून झाल्या, पोटाला हिंग लावून झाला. आता तुम्हीच झोपेचे थोडे औषध द्या."

मी बाळाला तपासले. ताप नव्हता. कान, घसा, छाती, पोट सारे ठीक होते, वजनही वयाला साजेसे होते. तपासताना ती जागी झाली, माझा स्टेथोस्कोप तिने ओढला आणि टेबलाची कड धरून चक्क उभी राहिली. "ही उभी कधीपासून राहते, काकू?" मी विचारले. "झाले पंधरा दिवस." झोप बिघडल्यालाही तेवढेच दिवस झाले होते. निम्मे उत्तर तिथेच मिळाले.

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी असे नातवंड असेल. सून किंवा लेक सव्वीस आठवड्यांची प्रसूती रजा संपवून कामावर रुजू झालेली असते आणि बाळाचा दिवस आजी-आजोबांच्या हाती येतो. अशा वेळी एकाएकी झोप मोडली की प्रथम मनात येते ते दुखणे, नाही तर दृष्ट. बहुतेक वेळा या दोन्हींपैकी काही नसते. बाळ वाढत असते.

आठव्या ते दहाव्या महिन्यात बाळाच्या आयुष्यात पुष्कळ काही एकदम घडते. ते रांगू लागते, धरून उभे राहते. नवे कसब शिकलेले मूल झोपेतही त्याचा सराव करते. अर्धवट जागे होऊन पाळण्यात उभे राहते, पण खाली कसे बसावे हे अजून ठाऊक नसते, म्हणून रडते. याच सुमारास नजरेआड झालेले माणूस कुठेतरी असतेच, हे त्याला चांगले उमगू लागते. त्यामुळे आई खोलीबाहेर गेली की ती परत यावी म्हणून ते हाका मारते. परक्यांचे भय आणि विरहाची धास्ती या वयात ऐन भरात असते.

झोपेचे एक आवर्तन संपून दुसरे सुरू होताना आपण सगळेच क्षणभर जागे होतो. लहान बाळात हे साधारण तासाभराने घडते. जे बाळ रोज खांद्यावर थोपटून झोपते, ते मध्यरात्री जागे झाल्यावर तोच खांदा मागते. त्यात हट्ट नाही आणि लाडावलेपणही नाही. झोप लागण्याची त्याला ठाऊक असलेली वाट तेवढी एकच असते.

काकूंनी मागितलेले औषध मी दिले नाही. त्याचे कारण सांगताना मला संकोच वाटतो, तरी सांगते. माझ्या व्यवसायाच्या पहिल्या वर्षांत अशाच एका घरच्या आग्रहाला बळी पडून मी सर्दीवरचे, गुंगी आणणारे औषध 'दोन रात्रींपुरते' लिहून दिले होते. घरच्यांनी पहिल्या रात्री एकदा दिले, बाळ पुन्हा उठले म्हणून पुन्हा दिले. सकाळी ते बाळ माझ्याकडे आणले तेव्हा अंग सैल पडलेले होते, दूध ओढत नव्हते, श्वास मंद चालला होता. मी स्वतः त्याला घेऊन मोठ्या रुग्णालयात गेले. संध्याकाळपर्यंत ते शुद्धीवर आले. त्या घरच्यांनी मला बोल लावला नाही, पण चूक माझी होती. डोस त्यांनी वाढवला असला तरी ते औषध मुळात द्यायलाच नको होते.

पूर्वी रडक्या मुलाला अफूचा कण चाटवीत, हे आपल्यातील काहींनी ऐकले असेल. सर्दीचे सिरप झोपेसाठी देणे हा त्याच चुकीचा नवा अवतार आहे. क्लोरफेनिरामिन व फेनिलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा देशाच्या औषध नियंत्रकांनी 2023 च्या डिसेंबरमध्ये दिला आहे. घरात उरलेल्या बाटलीतील थेंबभरही देऊ नका. मधाचे बोटही वर्षाच्या आत चाटवू नका. त्यातील जंतूंमुळे बाळाला बोट्युलिझम हा दुर्मीळ पण गंभीर आजार होऊ शकतो. दृष्ट काढायची तर खुशाल काढा, मात्र मिरच्यांचा किंवा धुरीचा धूर बाळाच्या नाकात जाऊ देऊ नका.

मग करायचे काय? उपाय साधे आहेत, पण ते घरातील सर्वांनी एकसारखे करायला हवेत. या वयाच्या बाळाला चोवीस तासांत, दिवसाच्या झोपा धरून, बारा ते सोळा तासांची झोप लागते. दिवसा दोन झोपा पुरतात. उन्हे कलल्यानंतर लागलेली लांब झोप रात्रीच्या झोपेतून वजा होते. दिवसा त्याला भरपूर रांगू द्या आणि उभे राहिल्यावर गुडघे वाकवून खाली कसे बसायचे ते हात धरून दहा वेळा करवून घ्या. पदराआड तोंड लपवून 'कुक' करण्याचा खेळ खेळा. गेलेला चेहरा परत येतो, हा विश्वास त्यातून बसतो. आईने कामावर जाताना मागच्या दाराने सटकू नये. समोर येऊन 'येते हं' म्हणावे. दोन मिनिटे रडणे होईल, पण फसवणूक होणार नाही.

झोपण्याआधीचा क्रम रोज तोच ठेवा: अंग पुसणे, दूध, मंद दिवा, एखादी अंगाई, आणि डोळे जड झाले की, पूर्ण झोप लागण्याआधीच, अंथरुणावर ठेवणे. रात्री कुरकुर ऐकू आल्याबरोबर उचलू नका. मिनिटभर थांबा, पुष्कळदा ते आपोआप झोपते. रडे वाढले तर जवळ जा, पाठीवर हात ठेवा, हलक्या आवाजात बोला. मोठा दिवा नको, मोबाइल तर नकोच. बाळाला पाठीवर, घट्ट गादीवर निजवा. उशी आणि सैल गोधडी जवळ नसावी. बाळ उभे राहू लागले की उथळ पाळणा आणि कापडी झोळी यांचा निरोप घ्या.

काही खुणा मात्र दुर्लक्षू नयेत. 100.4 अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप असेल तर तो 'दातांचा' म्हणून सोडून देऊ नका. नवव्या महिन्यातील गोवर-रुबेलाच्या लसीनंतर आठवडा-दीड आठवड्याने हलका ताप येऊ शकतो, हे लक्षात असू द्या. आडवे केले की रडे वाढत असेल तर कान तपासून घ्या. थांबून थांबून जोराने रडणे, पाय पोटाशी घेणे, उलट्या, रक्तमिश्रित चिकट शी, यांपैकी काही दिसले तर रात्रीच रुग्णालय गाठा. आतड्यात आतडे अडकण्याचा आजार याच वयात अधिक आढळतो. चेहरा फिकट असेल आणि झोप सतत अस्वस्थ असेल तर रक्त तपासा. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना आठवड्यातून दोनदा लोहाचे सिरप देण्याची शासकीय योजना आहे. आशाताईंकडे त्याची चौकशी करा.

बाळाचे तपासून झाल्यावर मी काकूंच्या दंडाला पट्टा बांधला. रक्तदाब 170/100 होता. रात्रीची गोळी? "जागरणात विसरते हो." आदल्या आठवड्यात अंधारात नातीकडे धावताना त्या उंबऱ्याला अडखळल्या होत्या. नात कडेवर नव्हती, एवढेच नशीब. त्या सकाळी माझ्याकडे आलेल्या दोघींपैकी औषधाची गरज आजीला होती.

म्हणून आपल्याला हात जोडून सांगते. रात्र वाटून घ्या. पहिला प्रहर आई-वडिलांचा, पहाट आजोबांची, मधली सलग झोप आजीची, असे काही ठरवा. झोपेची गोळी घेणाऱ्याने बाळाला कुशीत घेऊन झोपू नये. वाटेत मंद दिवा ठेवा, जमिनीवरचे सामान उचला. आपल्या मधुमेहाच्या व रक्तदाबाच्या गोळ्या उशाशी ठेवू नका. रांगत्या बाळाच्या तोंडात गेलेली एखादी गोळीही जिवावर बेतू शकते. आणि 'मला आता झेपत नाही' हे मुलाला, सुनेला स्पष्ट सांगा. ते सांगितल्याने आपली माया कमी होत नाही.

तीन आठवड्यांनी तिघे पुन्हा आले. नात अजून रात्री एकदा उठत होती, पण आता आजोबा पाठीवर हात ठेवत आणि ती झोपून जाई. काकूंचा रक्तदाब 140/86 होता. "काल सहा तास झोपले," त्या म्हणाल्या. मी वहीत आधी तेच टिपले.