पायाचे तळवे आणि शेवटची सफ

उर्दूत या आजाराला चंबल म्हणतात, मराठीत सोरायसिस हाच शब्द रुळलाय. दोन्ही भाषा शिकवणाऱ्या मला दोन्ही शब्द माहीत होते. तरी माझ्या स्वतःच्या तळव्यांवर तो आला तेव्हा दोन वर्षं मी त्याला ‘टाचा फुटल्यात’ एवढंच म्हणत राहिलो.

जालना जिल्ह्यात टाचा कुणाच्या फुटत नाहीत? अम्मी मेण आणि खोबरेल तेल गरम करून भेगांत भरायची. मीही तेच केलं. भेगा काही भरेनात. मग टाचेच्या कडेनं आणि तळव्याच्या मधल्या खोलगट भागात लाल चट्टे उठले, त्यांवर जाड, पांढरट पापुद्रे. चट्ट्याची कड नकाशातल्या सीमारेषेसारखी स्पष्ट, आणि दोन्ही पायांवर जवळपास सारखीच. लागोपाठ चार तास उभं राहून शिकवलं की भेगेतून रक्त यायचं आणि मोजा पायाला चिकटायचा.

मेडिकलवाल्यानं नायट्याची ट्यूब दिली. चार दिवस आराम, बंद केली की दुप्पट. तिच्यात स्टेरॉइड होतं, हे मला फार उशिरा कळलं. ओळखीच्यांनी काळी पुडीही आणून दिली. तिच्यात काय आहे ते कुठंच लिहिलेलं नव्हतं, म्हणून ती मी नालीत टाकली. त्या दोन वर्षांतलं तेवढं एकच शहाणपण.

खरा त्रास मशिदीत झाला. हौदावर वजू करताना शेजारचे बुजुर्ग माझा पाय बघून दोन जागा सरकले. जमातीत सफ जुळवताना बाजूच्यानं आपला पाय आखडून घेतला. कुणी काही बोललं नाही. पण ‘कोड-कुष्ठ तर नाही ना?’ हा प्रश्न त्यांच्या डोळ्यांत होता, आणि रात्री माझ्याही. मी नमाज घरीच पढू लागलो. जुम्म्याला तेवढा जायचो, मोजे घालून, शेवटच्या सफेत.

शेवटी बायकोनं जबरदस्तीनं औरंगाबादला त्वचारोगतज्ज्ञाकडे नेलं. मी पाय पुढे केला, तर डॉक्टर म्हणाले, “आधी हात दाखवा, सर.” नखांवर टाचणीनं टोचल्यासारखे बारीक खळगे होते. ते मी कधी पाहिलेच नव्हते. मग कोपर, कानामागं, डोक्याची त्वचा. सकाळी उठल्यावर सांधे आखडतात का, घरात कुणाला आहे का, हेही विचारलं. पापुद्रा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, बुरशी नव्हती. तळव्याचा सोरायसिस आणि बुरशी वरून सारखेच दिसू शकतात, म्हणून ही साधी तपासणी लागते. चट्ट्याला पेनचं टोक लावून संवेदनाही पाहिली. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर ती कमी होते. माझी शाबूत होती.

एरवी नवी त्वचा खालून वर यायला साधारण महिना लागतो. सोरायसिसमध्ये आपलीच प्रतिकारशक्ती तिला घाई करते. महिन्याचं काम काही दिवसांत उरकतं आणि न झडलेल्या पेशींचे थर साचतात. हा संसर्ग नाही. हौदाच्या पाण्यातून, जानमाजवरून, गळाभेटीतून, नवऱ्याकडून बायकोला, कसाच पसरत नाही. हे मी डॉक्टरांना दोनदा म्हणायला लावलं, बायकोसमोर.

थर मऊ पडावेत म्हणून सॅलिसिलिक ॲसिडचं मलम, त्यावर ठरावीक आठवड्यांपुरतं तीव्र स्टेरॉइड मलम, रात्री व्हॅसलीन लावून सुती मोजे. तेवढ्यानं भागलं नाही, तेव्हा मेथोट्रेक्सेट. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. आमच्या कॅलेंडरवर त्या वाराभोवती बायको लाल गोल करते. रक्ताच्या आणि यकृताच्या तपासण्या चुकवता येत नाहीत, आणि मूल हवं असलेल्या जोडप्यानं आधी डॉक्टरांना सांगायलाच हवं. माझी चिठ्ठी बघून एका सहकाऱ्यानं तीच औषधं आणायचं ठरवलं होतं. त्यांना मी चक्क रागावलो.

मुळासकट जाणारा हा आजार नाही. थंडीत, ताणात पुन्हा डोकं काढतो. तंबाखूनंही बळावतो, म्हणून माझी चुन्याची डबी गेली. वजूबद्दल इमामसाहेबांना विचारलं. पाण्यानं जखमेला इजा होत असेल तर त्या जागेवर मसह करायची सवलत आहे, म्हणाले. एरवी मी पाय धुतो, टिपून कोरडे करतो आणि नमाजनंतर मलम लावतो.

गेल्या जुम्म्याला हौदावर एक विशीतला पोरगा सगळे उठून जाईपर्यंत थांबला होता. टाचेला फडकं गुंडाळलेलं. मी त्याच्या शेजारी बसलो, मोजे काढले, पाय पाण्यात घातले. तो माझ्या तळव्यांकडे बघत राहिला.

“बेटा,” मी म्हटलं, “हाताची नखं दाखव जरा.”