घराची किंमत

सदनिकेचा विमा किती रकमेचा उतरवावा? शेजारचे अण्णा म्हणतात, घर घेतले तेवढ्याचा. पण जमीन कधी जळते का? विमा धरायचा तो पुन्हा बांधण्याच्या खर्चाचा : चटईक्षेत्र गुणिले बांधकामाचा दर. संस्थेने इमारतीचा विमा उतरवला, तरी आपले सामान त्यात येत नाही. २०२१ पासूनच्या ‘भारत गृह रक्षा’ विम्यात, घराच्या विमारकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये, सामानासाठी आपोआप धरतात. वेगळी नोंद नसेल, तर हस्तलिखिते मात्र वगळलेली! म्हणजे कपाटाला भरपाई, कपाटातल्या माझ्या अपुऱ्या कादंबरीला नाही. मी तिची नक्कल केली आणि धाकट्या बहिणीकडे धाडली. या विम्याचा हप्ता तेवढा स्वस्त पडला : टपालखर्च.