अनोळखी मृताची साक्ष

अठराव्या शतकातील वेस्टमिन्स्टरच्या कॉरोनर-चौकशीची कागदपत्रे वाचताना मी प्रथम मृताचे नाव शोधतो. निराधार परक्याच्या बाबतीत ते पुष्कळदा नसतेच; असते ती इतरांची शपथेवरची साक्ष, लेखनिकाने तृतीयपुरुषात उतरवलेली. १६६२च्या कायद्यानंतर निराधाराचा भार त्याच्या हक्काच्या पॅरिशवर होता. परक्याला आसरा देणे म्हणजे इतरांचा खर्च ओढवून घेणे. म्हणूनच साक्षीतील ‘पाहिले’ हे साधे क्रियापद मला अस्वस्थ करते. पाहणारा थांबला होता का? साक्ष मृताविषयी असते, तशीच साक्षीदाराच्या संकोचाविषयीही. तरी त्या अवघडलेल्या शब्दांवाचून हा माणूस आपल्यापर्यंत पोचताच ना. जिवंतपणी ज्याची विचारपूस झाली नाही, त्याच्या मृत्यूचे कारण मात्र पंचांनी शपथपूर्वक विचारले.