खालच्या थराचं ऋण

नव्वदीच्या सुरुवातीला मी पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात आलो, तेव्हा उच्च-तापमान अतिवाहकतेचा गाजावाजा ताजा होता. बेडनॉर्झ आणि म्युलर यांनी 1986 मध्ये ती ऑक्साइडमध्ये दाखवली होती. पुढच्याच वर्षी यिट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइडचा विद्युतरोध 93 केल्विनच्या आसपास शून्यावर आला, म्हणजे 77 केल्विनच्या द्रव नायट्रोजनवर काम भागणार होतं. सगळी करामत त्या काळ्या पदार्थाची, असंच मी धरून चाललो होतो. तो ज्या चकतीवर चढवतात, त्या सब्स्ट्रेटचा विचारही मनात येत नसे.

लेसरने ऑक्साइडचे पातळ थर चढवण्याच्या कामात विभागातलं मोठं नाव सतीशचंद्र ओगले यांचं. मला मात्र हाताला धरून शिकवलं ते एका ज्येष्ठ संशोधक ताईंनी. चकती ॲसिटोनमध्ये धुवायची, चिमट्याने कडेलाच धरायची, चांदीच्या पेस्टने हीटरवर चिकटवायची. पेस्ट कमी पडली तर ताई मुकाट्याने चकती काढून पुन्हा माझ्या हातात देत.

एका दुपारी मी ताईंकडे दोन आलेख घेऊन गेलो. पदार्थ तोच, लेसर तोच. स्ट्रॉन्शियम टायटनेटवरच्या थराचा रोध 90 केल्विनजवळ सरळ कोसळला होता. सिलिकॉनवरचा द्रव नायट्रोजनमध्येही शून्याला पोचत नव्हता. लेसरमध्येच काहीतरी बिघडलंय, असं मी सांगू लागलो. ताई म्हणाल्या, "वरचं राहू दे. खाली काय होतं ते सांग."

मग त्यांनी फळ्यावर अणूंच्या रांगा काढल्या. टायटनेटमधलं अंतर 3.905 अँगस्ट्रॉम, आपल्या ऑक्साइडमधलं 3.82 आणि 3.89, म्हणून वरचे अणू खालच्यांच्या रांगेत बसतात. सिलिकॉन 700 अंश सेल्सिअसला थराशी रासायनिक अभिक्रिया करतं. शिवाय गार होताना थर जास्त आकसतो, सिलिकॉन कमी, आणि थराला तडे जातात. दोघांच्या मध्ये झिर्कोनियाचा थर घातला की बरंचसं निभावतं.

वर्गातले बरेच जण तेव्हा संगणकाकडे वळत होते. मीही एका कोर्सचा फॉर्म आणून ठेवला होता. तो भरायचा राहिला, तो त्या दुपारमुळे.

पुढे कॉलेजात शिकवू लागलो. थर आणि सब्स्ट्रेट यांची जुळणी बिघडली की नुकसानच, एवढंच मी सांगत असे. 1998 मध्ये वाचलं, की लॅन्थॅनमच्या एका कॉपर ऑक्साइडचा थर त्याला थोडा दाबून धरणाऱ्या सब्स्ट्रेटवर वाढवला आणि अतिवाहकतेचं तापमान 25 वरून 49 केल्विनवर गेलं. 2007 मध्ये तर दोन विद्युतरोधक ऑक्साइडांच्या सांध्यातच अतिवाहकता सापडली, केवळ 0.2 केल्विनला का होईना. दर वेळी ताईंच्या फळ्यापाशी नव्याने जाऊन बसल्यासारखं वाटलं.

अलीकडे निकेलच्या काही ऑक्साइडांनीही सब्स्ट्रेटची तीच करामत दाखवली. त्यांच्या ठोकळ्याला अतिवाहक होण्यासाठी वातावरणाच्या लाखपटीहून जास्त दाब द्यावा लागतो. योग्य सब्स्ट्रेटवरच्या पातळ थरात बाहेरून दाब न देताही 40 केल्विनच्या वर अतिवाहकता सुरू होते.

आता नव्या विद्यार्थ्याच्या हाती मी लेसरआधी चिमटा आणि चकती देतो. ताईंच्या ऋणातून उतराई होणं माझ्याच्याने होणार नाही. ते पुढच्या पोरांच्या नावे जमा करत राहणं, एवढंच जमण्यासारखं आहे.