चुन्याचा धडा

लोक उन्हाळ्यात युरोप बघायला जातात, आमचे चिरंजीव तिथे चुना कालवायला गेले होते, असं आई अजूनही पाहुण्यांना सांगते. खोटं नाही ते!

रोमानियात क्लुजपासून साधारण ३० किलोमीटरवर बोंत्सिदा नावाचं गाव आहे. तिथला बान्फी घराण्याचा राजवाडा १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने जाळला. २००१ पासून तिथे जुन्या इमारतींची दुरुस्ती हाताने काम करून शिकवणारी शिबिरं सुरू झाली. २००९ च्या उन्हाळ्यात तिथला एक गट माझ्याकडे होता. देशोदेशीचे १२ तरुण आर्किटेक्ट आणि इंजिनियर. कॉम्प्युटरवर सगळे तरबेज, पण थापी कुणीच धरलेली नव्हती.

पहिल्या आठवड्यात एका भिंतीचे सांधे आम्ही चुन्याने भरले. दुपारी कडक ऊन होतं. ओलं गोणपाट टाकायचं माझ्या लक्षातच राहिलं नाही. सकाळी गावातले म्हातारे गवंडी आले, त्यांनी नखाने सांधा खरवडला आणि भुगा माझ्या तळहातावर ठेवला. भाषा येत नव्हती, पण गरजही पडली नाही. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो, आणि तोवर त्याला ओल लागते. घाई केली की भुगा.

दोन दिवसांचं काम पुन्हा केलं. चूक माझी आहे, हे गटाला सांगितलं. गंमत म्हणजे त्यानंतर पोरं मोकळेपणाने प्रश्न विचारायला लागली.

पण मला त्या रात्री झोप लागली नाही, ती वेगळ्याच भिंतीमुळे. नवीनच पदवी हातात आली होती तेव्हा वाईच्या आमच्या घराच्या माजघराला सिमेंटचा गिलावा करायचा सल्ला मीच बाबांना दिला होता. जुनी विटेची भिंत, आतली ओल बाहेर पडायला वाटच उरली नाही. दोन पावसाळ्यांत विटा भुसभुशीत झाल्या. दोष मात्र आम्ही सगळ्यांनी गवंड्याला दिला. मीही गप्प बसलो.

तिथूनच बाबांना फोन केला आणि सगळं सांगितलं. ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "बरं. दिवाळीला येशील तेव्हा छिन्नी घेऊन ये."

गेलो. त्याच गवंडीकाकांना बोलावलं, आधी त्यांची माफी मागितली आणि मग त्यांच्या हाताखाली काम केलं.

असो. काका-काकू, तुम्हीही हे वाचताय, म्हणून मुद्दाम लिहिलं. चूक गवंड्याची नव्हती.