ओलाव्याचा आकडा

दिवाळीनंतर शहापूर-मुरबाडकडे हिंडणाऱ्यास खळ्याखळ्यांवर भाताच्या राशी दिसतात. कुटुंबाचा वर्षाचा जमाखर्च त्यांवरच. सरकारी हमीभावानें भात घालावयाचें, तर ओलावा शेंकडा १७ हून अधिक असूं नये, असा दंडक आहे. आणि तो ठरवितें एक लहानसें यंत्र! उणींपुरीं तीस वर्षें आम्हीं रसायनशास्त्र शिकविलें, म्हणून मुरबाडच्या बाजारीं एका वृद्ध शेतकऱ्यानें विचारलेला प्रश्न आम्हांस टाळतां आला नाहीं: “साहेब, भात येकच, मंग आकडं दोन कसं?”

खरें पाहतां, हें यंत्र ओलावा मोजीतच नाहीं. तें दाण्यांचे विद्युत्-गुण मोजतें व त्यांवरून ओलाव्याचें अनुमान बांधतें. अनुमानाचें सूत्र आधीं तयार असतें: कांहीं नमुने यंत्रांत घालावयाचे, तेच भट्टींत वाळवून तोलावयाचे, आणि दोहोंची सांगड घालावयाची. अमेरिकेंत कार्ल नॉरिस यांनीं १९६० नंतरच्या दशकांत धान्यपरीक्षेस अवरक्त प्रकाश लावला. तेव्हांपासून एका आकड्याऐवजीं अनेक तरंगलांबींचे आकडे जुळविणें आलें. तत्त्व तेंच.

मेख पुढेंच आहे. दाण्याची ऊब, त्यांतला कोंडा, भरण्याची घट्टसैल रीत यांनीं यंत्राचें वाचन हलतें. हलत्या वाचनांवरून काढलेली रेषा खऱ्याहून सपाट निघते. म्हणून फार कोरडें भात किंचित् ओलें ठरतें, फार ओलें किंचित् कोरडें. सर्वांस सरासरीकडे ओढण्याची ही खोड! नमुन्यांसारख्याच राशींवर सूत्र चालविलें, तर तें एकंदरीनें चोख उतरतें. पण परमुलखांतील बारीक भातावरून बांधलेलें सूत्र मुरबाडच्या जाड्या भातास लावलें, तर आमचें भात दुसऱ्यांच्या सरासरीकडे ओढलें जावयाचें.

१६.८ आणि १७.२ यांतील अंतर प्रयोगशाळेंत क्षुल्लक. शेतकऱ्यास मात्र तेवढ्यानें माल परत न्यावा लागतो, भाड्याचा भुर्दंड बसतो, आणि तेंच भात व्यापाऱ्यास पडत्या भावानें द्यावें लागतें.

यंत्र टाकून द्यावें, असें आम्ही म्हणत नाहीं. दाणा दांताखालीं फोडून ओलावा सांगणारे जाणतेही चुकतात. सीमेवरच्या राशीचे तीन-चार नमुने घेऊन सरासरी काढावी, आणि हंगामाच्या आरंभीं इथलेंच भात भट्टींत वाळवून यंत्र पडताळावें. पहिल्यानें हलती चूक निवते, दुसऱ्यानें कायमची कळते. एकाचें काम दुसऱ्यानें होत नाहीं.