झिजलेली ब्रेक डिस्क: लेथ की नवी?

पुढच्या चाकांच्या ब्रेकची डिस्क दोन तऱ्हांनी खराब होते. पॅड घासून घासून तिची जाडी उतरते, ही एक तऱ्हा. दुसरीत जाडी शिल्लक असते, पण पृष्ठभाग बिघडतो: चर पडतात, गंजाचे खड्डे होतात किंवा जाडी सगळीकडे सारखी राहत नाही. उतरलेली जाडी परत येत नाही. बिघडलेला पृष्ठभाग मात्र लेथवर दोन्ही बाजूंनी पातळ कट मारून सपाट करता येतो. हा कट त्याच जाडीतून जातो, म्हणून दुरुस्ती की बदल याचा निर्णय आधी मिलिमीटरमध्ये होतो, पैशांत नंतर.

साताऱ्यात नोकरी आणि सांगलीत घर असल्याने माझी गाडी दोन्हीकडच्या रस्त्यांवर चालते. सातारा ते कराड, पुढे पेठ नाक्यापर्यंत महामार्गावर ब्रेकला फारसे काम पडत नाही. खरी झीज घाटात होते. पाचगणीहून पसरणी घाटाने वाईला येताना गाडी पाचशे मीटरहून अधिक खाली उतरते. हजार किलो वजनाच्या गाडीची या उतारावर सुमारे 50 लाख जूल ऊर्जा मोकळी होते. गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तर त्यातला मोठा वाटा इंजिन पेलते, नाहीतर तिची उष्णता डिस्क-पॅडमध्ये साठते. सांगलीकडची झीज वेगळी. तिथे चढउतार नाहीत, पण पावसाळ्यात गाडी दिवसेंदिवस ओल्यात उभी राहिली की बिडाच्या डिस्कला गंज चढतो आणि पॅडखाली झाकलेल्या भागाचा डाग उमटून राहतो.

पसरणी उतरताना पेडल पायाखाली धडधडू लागले आणि स्टिअरिंग थरथरू लागले, तेव्हा गॅरेजात निदान मिळाले की डिस्क वाकली आहे, जोडी बदला. बोलताना असेच म्हणतात, पण बहुतेक वेळा डिस्क वाकलेली नसते. तापलेल्या डिस्कवर पेडल दाबून गाडी उभी ठेवली की पॅडचा थर एका जागी चिकटतो. त्या जागी पकड बदलते, झीज असमान होते आणि जाडीतला फरक पायाला जाणवतो. असा दोष लेथवर जाण्याची शक्यता चांगली असते. म्हणून बदलण्याआधी मोजणे आवश्यक होते.

मोजण्यातही एक मेख आहे. डिस्कच्या बाहेरच्या कडेला पॅड पोहोचत नाही, त्यामुळे तिथे न झिजलेली उंच किनार उरते. साध्या व्हर्नियरचे जबडे त्या किनारीवर टेकतात आणि जाडी असते त्याहून जास्त दिसते. म्हणून मायक्रोमीटरने, पॅड घासतो त्या पट्ट्यात, गोलाकार अनेक जागी मोजावे लागते आणि सर्वांत कमी आकडा धरावा लागतो. किमान जाडी बहुधा डिस्कवरच कोरलेली असते. माझ्या गाडीच्या डिस्कवर ती 15 मिमी होती, सर्वांत कमी माप 16.3 आले. दोन्ही बाजू मिळून अर्धा मिलिमीटर काढला तरी 15.8 उरणार होते, म्हणजे पॅडच्या पुढच्या संचापुरती झीज सोसण्याइतकी. लेथ योग्य ठरला.

हे काम सांगलीत करून घेतले. ट्रॅक्टर, उसाच्या ट्रॉल्या आणि पंप यांच्या कामावर चालणारी लेथची दुकाने या जिल्ह्यात सहज सापडतात. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये किर्लोस्करवाडीला कारखाना उभारला, तेव्हापासून लोखंडकाम इथे रुजलेले आहे. चांगला टर्नर डिस्क लेथवर बांधल्यावर आधी डायल गेज लावून ती खरी फिरते का ते पाहतो. नुसत्या नजरेने बांधून कट मारला तर नवा दोष तयार होतो. नव्या जोडीच्या मानाने खर्च किरकोळ आला आणि धडधड पूर्ण गेली.

त्याच वेळी झिजेचे मूळही सापडले. एका चाकाचा आतला पॅड बाहेरच्यापेक्षा बराच झिजला होता. कॅलिपरची सरकती पिन सुकून अडकली की असे होते. पिन साफ करून उष्णता सोसणारे ग्रीस लावले, फाटलेले रबर बदलले. हे केले नसते तर नवी डिस्कही तशीच खराब झाली असती. गॅरेजात या कामाची टाळाटाळ होते, ती ग्राहकाने चालवून घेऊ नये.

पुढे सांगलीतल्या एका लांबलेल्या पावसाळ्यानंतर गंजाचे खड्डे पडले. या वेळी माप 15.4 आले. खड्डे जाईपर्यंत कट मारला तर जाडी 15 च्या खाली जात होती. दोन्ही डिस्क आणि पॅड नवे घातले. एकाच बाजूची डिस्क बदलली तर ब्रेक लागताना गाडी एका अंगाला ओढू शकते, म्हणून बदल नेहमी जोडीने होतो.

पातळ डिस्क धोक्याची असते, कारण धातू कमी म्हणजे तीच उष्णता कमी वस्तुमानात साठते आणि तापमान जास्त चढते. ती उष्णता कॅलिपरमधून ब्रेक ऑइलपर्यंत पोहोचते. डॉट 3 प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 205 अंश सेल्सिअस असतो. ओल शोषलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा 140 अंशांवर येते. ऑइल उकळून वाफ झाली की पेडल तळापर्यंत जाते आणि ब्रेक लागत नाही. डिस्कला तडा दिसला तर माप कितीही असो, ती लेथवर नेऊ नये.

महाबळेश्वर-पाचगणी किंवा कासला गाडी नेणाऱ्यांनी पावसाळा संपताच चाक उघडून जाडी मोजून घ्यावी, आणि गॅरेजवाल्याकडून तो आकडा बिलावर लिहून घ्यावा.